दर पावसाळ्यात ट्रेलर गळतो? शिडी लावण्याआधी खालचे पाय बघा

आषाढाचा पाऊस लागला की आमच्या ट्रेलरच्या ईशान्य कोपऱ्यात, शिलाई मशीनच्या बरोबर वर, थेंब धरायचा. असं सलग तीन पावसाळे झालं. तिन्ही वेळा उन्हाळ्यात छत दुरुस्त करून घेतलं होतं. दरवेळी माल वेगळा, कारागीर वेगळा, आणि गळती मात्र त्याच जागी. चौथ्या वर्षी ती थांबली. कशाने थांबली ते सविस्तर लिहिते, कारण चाकांवरच्या घराबद्दल विचारायला येणारा प्रत्येक जण खर्चाचं विचारतो, छताचं कोणी विचारत नाही. आमचे पैसे तर छतापायीच जात होते.

आम्ही दोघं वर्धा जिल्ह्यात, देवळी तालुक्यात राहतो. दोन एकर वावर आहे, त्यावर घर नाही. गावात खोली घेतली तर भाडं, आणि यांचं काम मोटरपंप आणि ठिबकच्या दुरुस्तीचं, म्हणजे वर्षातले चार-पाच महिने काटोल-वरूडकडच्या संत्र्याच्या बगीच्यांत. दोन ठिकाणी भाडं भरणं आम्हाला जमणारं नव्हतं. म्हणून २०२१ साली रस्त्याच्या कामावर ऑफिस म्हणून वापरलेली, ट्रॉलीच्या सांगाड्यावर बसवलेली पत्र्याची खोली जुनी विकत घेतली. १८ फूट लांब, साडेसात फूट रुंद. त्यात ओटा, पलंग, माझं मशीन, कपड्यांचं कपाट. संत्र्याच्या पिकाचे दोन हंगाम, त्यांना बहार म्हणतात. आंब्या बहाराची तोड ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत चालते तेव्हा ट्रेलर तिकडे, मृग बहाराला फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा तिकडे, बाकी सगळा काळ आपल्या वावरात. भाडं नाही, घरपट्टी नाही, कामावर जायला रोजचं पेट्रोल नाही. स्वस्त पडतं ते एवढ्यासाठीच.

पण दुसऱ्या वर्षी जुलैमध्ये एका गिऱ्हाइकाचं पोपटी ब्लाउजपीस मशीनवर राहिलं आणि रात्रीतून त्यावर गंजाचा तांबडा डाग पडला. लेकीच्या लग्नाचं होतं ते. मी भरून दिलं, पण तसा रंग पुन्हा मिळाला नाही, आणि त्या बाईचा उतरलेला चेहरा मला अजून दिसतो. त्या दिवसापासून ही गळती माझ्या डोक्यात बसली.

आधी लक्षणं सांगते, कारण आम्ही ती तीन वर्षं पाहिली आणि एकदाही एकत्र जोडली नाहीत. मशीनच्या फळीवर ठेवलेली दोऱ्याची रीळ उन्हाळ्यात जागची हलत नसे. जून संपत आला की ती आपोआप घरंगळायची, आणि नेहमी ईशान्येकडेच. मग आठ-दहा दिवसांनी दार वरच्या कोपऱ्यात चौकटीला घासायचं. दरवर्षी हे रंधा मारून दार तासायचे, आणि दिवाळीनंतर तेच दार ढिलं होऊन वाऱ्याने आपटायचं. दार घासायला लागलं की त्यानंतरच्या मोठ्या पावसात थेंब यायचा. रीळ, दार, थेंब, हा क्रम एकदाही चुकला नाही. आम्ही मात्र रीळ मशीनची भानगड समजलो, दार लाकडाची आणि थेंब पत्र्याची.

तुमच्या ट्रेलरमध्येही गळतीच्या आधी दार किंवा खिडकी अडकत असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच आहे. तसं काही होत नसेल तर आधी हे पाणी नक्की कुठलं, ते ठरवा.

पत्र्याच्या घरात पाणी तीन वाटांनी येतं आणि तिन्हींचा डाग सारखाच दिसतो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पाऊस नसताना स्क्रूच्या टोकांवर आणि खिडकीच्या चौकटीवर थेंब दिसले, तर ती गळती नव्हे. आपला श्वास आणि गॅसची वाफ थंड पत्र्याला लागून पाणी होते. १ किलो गॅस जळला की साधारण दीड लिटरच्या वर पाणी वाफेच्या रूपात हवेत जातं, म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरमागे २० लिटरच्याही वर. एवढ्याशा खोलीत ते पाणी कुठेतरी बसणारच. यावर उपाय सीलंट, म्हणजे सांधे बुजवायचा माल, नाही. ओट्याजवळची खिडकी आणि समोरची झरोक्याची जाळी स्वयंपाक होईस्तोवर उघडी ठेवायची आणि छताला आतून थर्माकोल किंवा फोमचं अस्तर लावायचं. थंडी वाजते म्हणून झरोके बंद करून आत कोळशाची शेगडी ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. तसं कधीच करू नका. तो वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही आणि झोपलेला माणूस उठत नाही.

दुसरी वाट कूलरची. एप्रिल-मे मध्ये खिडकीखाली ओल दिसली तर आधी कूलरच्या ताट्या बघा. ताटी गाळाने भरली की पाणी खाली टाकीत न पडता पंख्याच्या वाऱ्याने आत उडतं. ताट्या बदलल्या, टाकी थोडी बाहेरच्या बाजूला कलती केली की थांबतं. तिसरी वाट पावसाची. तिच्यावरच आता येते.

पहिल्या वर्षी आम्ही सांध्यावर डांबर ओतलं. मे महिन्यात ते पातळ होऊन ओघळलं आणि जानेवारीत तडकलं. दुसऱ्या वर्षी सिलिकॉनच्या नळ्या. वर्षभरात सिलिकॉन एका बाजूने सोलून निघालं, कारण जुन्या डांबराच्या तेलकट थरावर ते धरतच नाही. तिसऱ्या वर्षी एका कारागिराने इपॉक्सीची पुटी भरली. ती दगडासारखी कडक झाली आणि नेमकी त्यामुळेच मधून फुटली. प्रत्येक वेळी दीड-दोन हजार गेले.

त्याच तिसऱ्या वर्षी, जुलैमध्ये, शेजारच्या वावरातले आजोबा धुऱ्यावरून येत होते. मी शिडी धरून उभी, हे वर चढलेले. आजोबा छताकडे न बघता खाली वाकले आणि कोपऱ्यातल्या जॅकजवळ, म्हणजे फिरवून खाली-वर करायच्या लोखंडी पायाजवळ, काठी टोचली. काठी वीतभर आत गेली.

"काहून वर चढला तो?" मला विचारलं.

"पत्रा गळतो ना, बाबाजी."

"पत्रा नाही गळत, बाई. गाडी वाकून राहिली. काळीत पीक लावतात, घर कोणी बांधते का? गाव पांढरीवर काहून बसलं, कधी विचार केला?"

मी पुष्कळदा 'काळी' आणि 'पांढरी' हे शब्द ऐकले होते, सातबाऱ्याच्या बोलण्यात, पोळ्याच्या पूजेत. शेताची माती काळी, गावठाणाची पांढरी. पण जुन्या लोकांनी घरासाठी वेगळी माती का धरली, हे त्या काठीने कळलं.

आपली काळी कसदार माती पाणी पिऊन फुगते. तिच्यातल्या चिकणमातीचे कण पापुद्र्यांसारखे असतात, त्यांच्या मधल्या फटींत पाणी शिरतं आणि माती वाढते. सुकली की आकसते आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पक्क्या घरांच्या भिंतींना तिरप्या तडा जातात त्या याच मातीपायी. ट्रेलरखाली तर आणखी एक गोष्ट होते. मधली माती छताच्या आडोशाने कोरडी राहते आणि कडेची भिजते. जिथे पायावर भार जास्त तिथे भिजलेल्या मातीत पाय रुततो, जिथे भार कमी तिथे फुगलेली माती पाय वर उचलते. चार कोपरे चार दिशांनी चालतात. लोखंडी सांगाडा पिळला जातो, त्यावरची खोली पिळली जाते, आणि पिळलेल्या डब्याचा सगळ्यात अशक्त सांधा आधी उघडतो. आमचा तो मशीनच्या वर होता.

त्यातून आमच्या ईशान्य कोपऱ्यावर आम्ही स्वतःच पाणी घालत होतो. छताचा उतार त्या बाजूला, म्हणून पागोळ्या तिथे पडायच्या. न्हाणीचं पाणी तिथूनच निघायचं. ओट्याची मोरी तिथेच. आत त्याच कोपऱ्यात २०० लिटरचा भरलेला ड्रम, म्हणजे २ क्विंटल वजन. बाहेरच्या अंगाला लटकवलेला कूलर. हे सगळं ज्या जॅकवर उभं होतं, त्याच्याखाली एक वीट होती. एकच.

ट्रेलर नुसता कललेला आहे की पिळलेला, हे आधी कळायला पाहिजे. नुसता एका बाजूला कलला असेल तर पाणी भलतीकडे वाहील, पण सांधे उघडणार नाहीत. पिळला असेल तर कोणतंही सीलंट टिकणार नाही. गवंडी लेव्हल पाइपने चार कोपरे मोजून देतो, पण त्याहून सोपी चाचणी माझ्या दोऱ्याने होते. खोलीच्या आत चारी कोपऱ्यांत जमिनीपासून बरोबर सारख्या उंचीवर खूण करून खिळे मारा. मी ३ फुटांवर मारले. नायलॉनचा पक्का दोरा एका कोपऱ्यातून समोरच्या तिरप्या कोपऱ्यात ताणून बांधा, दुसरा दोरा उरलेल्या दोन कोपऱ्यांत. दोन्ही सारखेच ताणलेले पाहिजेत. खोलीच्या मध्यावर जिथे ते एकमेकांना ओलांडतात तिथे बघा. दोरे अलगद टेकले तर खोली सपाट आहे, मग ती कललेली का असेना. मध्ये फट दिसली तर खोली पिळलेली आहे. फट जेवढी असेल त्याच्या दुप्पट एक कोपरा बाकी तिघांपासून बाहेर गेलेला असतो. एकदा बघून थांबू नका. खालचा दोरा वर घेऊन पुन्हा बघा, कारण उलट दिशेचा पीळ असेल तर दोरे एकमेकांवर दाबून बसतात आणि सगळं ठीक वाटतं.

आमची फट दीड सेंटिमीटर निघाली. म्हणजे तो कोपरा ३ सेंटिमीटर खाली होता. हे खिळे मी आजही काढलेले नाहीत.

दुरुस्तीचा क्रम इथे फार महत्त्वाचा आहे. आधी पाणी वळवायचं, मग पाय, मग आठ-पंधरा दिवस थांबायचं, आणि सगळ्यात शेवटी छत. लोक उलटं करतात. पिळलेल्या अवस्थेत सांधा भरला आणि नंतर जॅक उचलून खोली सरळ केली, तर तोच भरलेला सांधा फाटतो. आमचं तिसऱ्या वर्षी हेच झालं असणार, कारण पुटी भरून झाल्यावर दार घासतं म्हणून यांनी जॅक दोन फेरे वर घेतला होता.

पाणी वळवायला फार काही लागत नाही. छताच्या कडेला पीव्हीसीची अर्धी नाली लावली, तिचा पाइप १२ फूट दूर नेला. न्हाणी आणि मोरीचं पाणी एका पाइपात घेऊन धुऱ्याकडे सोडलं, तिथे आता केळी आणि अळू आहे. ट्रेलरच्या चारी बाजूंनी दोन फूट अंतरावर वीतभर खोल चर काढला, उताराच्या तोंडाला मोकळा. ड्रम आतून काढून बाहेर ओट्यावर ठेवला. कूलरला वेगळा लोखंडी घोडा केला. एवढ्यानेच, पायांना हात लावण्याआधीच, रीळ घरंगळणं निम्म्यावर आलं. ज्यांच्याकडे यंदा पैसे नाहीत त्यांनी निदान एवढं तरी करा.

पायांचं काम खरं अंगमेहनतीचं. ते एप्रिलमध्ये करायचं, माती पूर्ण सुकलेली असताना. प्रत्येक जॅकच्या आणि दोन्ही चाकांच्या खाली अडीच फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल खड्डा केला. काळी माती बाहेर. त्यात मुरूम भरला, पण एकदम ओतला नाही. सहा-सहा इंचांचा थर, त्यावर पाणी शिंपडून धुम्मसने ठोकायचं, ठोका मारल्यावर धुम्मस उडायला लागलं की पुढचा थर. वर जमिनीपेक्षा चार बोटं उंच ठेवायचं, म्हणजे पाणी तिथे थांबत नाही. या मुरुमावर दोन फूट बाय दोन फुटांची जाड फरशी आणि फरशीवर लाकडी ठोकळा, मग जॅक. मुरूम आणताना खडा असलेला तांबूस मुरूम बघून घ्या. काही ठिकाणी मुरूम म्हणून चिकणमातीच येते. मुठीत ओली करून दाबली आणि हाताला चिकटून राहिली, तर परत पाठवा.

फरशी एवढी मोठी का, याचा हिशेब हातानेच करता येतो. आमचा ट्रेलर सामानासकट साधारण २४०० किलो, म्हणजे चार पायांवर प्रत्येकी ६०० किलो. एका विटेचा तळ अडीचशे चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २ किलोच्या वर भार. दोन फुटी फरशीचा तळ साडेतीन हजारांच्या वर, म्हणजे भार पावशेराहूनही कमी. ओल्या मातीत उंच टाचेचा बूट रुततो आणि सपाट चप्पल रुतत नाही, तसंच हे.

आणखी एक चूक सुधारली. जुन्या मालकाने टायर उन्हाने खराब होऊ नयेत म्हणून चाकं अधांतरी ठेवून सगळा भार चार जॅकवर घेतला होता, आणि आम्हीही तसंच चालवलं. अमेरिकेत जे कारखान्यात बनलेले ट्रॅव्हल ट्रेलर असतात, त्यांच्या कोपऱ्यांतले जॅक वजन उचलायला नसतातच. ते फक्त डुगडुग थांबवायला असतात, भार आसावर आणि पुढच्या जोखडाच्या जॅकवर राहतो. सांगाडा त्या हिशेबानेच बनवलेला असतो. आपल्याकडचा सांगाडाही ट्रॉलीचा, म्हणजे आसावर भार घेण्यासाठीच बनलेला. तो कोपऱ्यांवर टांगला तर मध्ये झोळ पडतो. आता आमची चाकं मुरुमावरच्या फळ्यांवर टेकलेली आहेत, कोपऱ्यांचे जॅक हाताने फिरवून फक्त घट्ट टेकवलेले. टायरांवर पोत्याचे पडदे सोडले आहेत, ऊन लागत नाही.

सरळ केल्यावर पंधरा दिवस आम्ही छताला हात लावला नाही. दार आपोआप मोकळं झालं. इतकं मोकळं, की तीन वर्षं रंधा मारून खाल्लेली कड आता फटीसारखी दिसते, तिथे मी रबराची पट्टी लावली आहे.

आता छत. इथे घाई करू नका. जुना सगळा माल काढायचा, डांबर, सिलिकॉन, पुटी, सगळं. तारेचा ब्रश आणि खरवडणी घेऊन आम्हाला दोन सकाळी लागल्या. नवं सिलिकॉन जुन्या सिलिकॉनवर चिकटत नाही, वरून थर देत जाणं म्हणजे पैसे पत्र्यावर पसरणं आहे. पत्रा उघडा पडला की थिनरने पुसायचा, गंज असेल तिथे रेड ऑक्साइड मारून वाळू द्यायचा.

पाणी नक्की कुठून शिरतं तेही याच वेळी शोधा. थेंब जिथे पडतो तिथून ते शिरत नसतं. पत्र्याखालच्या अँगलवरून पाणी चार-चार फूट चालत येतं. आतून सांध्याच्या आणि अँगलच्या कडेने खडूची कोरडी पूड लावा. मग एकाने बाहेर पाइप धरायचा आणि दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसायचं. पाणी आधी खाली, भिंतीच्या सांध्यावर, दहा मिनिटं. काही आलं नाही तर खिडकीची वरची कड. मग छताची कड, मग वरचे स्क्रू. एकदम वरून पाणी सोडलं तर ते सगळीकडून वाहतं आणि काहीच कळत नाही. पुडीत ओली वाट उमटली की तिच्या मागे मागे वर जायचं. आमची वाट थेंबापासून साडेतीन फुटांवर, दोन पत्र्यांच्या जोडावरच्या तिसऱ्या स्क्रूपाशी संपली. त्या स्क्रूचं भोक पिळाने लांबट झालं होतं, ज्वारीच्या दाण्यासारखं.

अशा भोकात तोच स्क्रू पुन्हा बसवू नका. एक नंबर जाड स्क्रू, त्याखाली नवा रबरी वायसर. वायसर कडेने जरासा फुगेल इतकंच आवळायचं. फार आवळलं तर रबर चिरतं आणि उन्हात दोन वर्षांत गळून पडतं. पत्र्यावर पत्रा चढतो त्या जोडाच्या मध्ये ब्युटाइलची चिकट पट्टी, आणि वरच्या कडेने पॉलियुरेथेनचं सीलंट, ज्याला दुकानदार पीयू म्हणतात. ते सुकल्यावरही रबरासारखं लवचीक राहतं. लवचीकपणा का हवा ते सांगते. जानेवारीच्या पहाटे पत्रा १० अंशांवर असतो, मे महिन्यात दुपारी ७० च्या आसपास जातो. १८ फुटांचं लोखंड तेवढ्या फरकाने जवळजवळ ४ मिलिमीटर वाढतं, आणि रोजही दिवसा थोडं वाढून रात्री आकसतं. कडक पुटी हे रोजचं ताणणं सहन करूच शकत नाही. सीलंट लावताना पत्रा फार तापलेला किंवा फार गार नको, सकाळी आठच्या सुमाराची वेळ चांगली. ट्यूबवर लिहिलेली तारीख बघून घ्या, जुनं झालेलं पीयू नळीतच घट्ट होतं.

छतातून केबल आत येत असेल तर ती आत शिरण्याआधी बाहेर खाली लोंबणारा एक झोका द्या. पाणी झोक्याच्या तळाला टपकतं, केबलवरून आत येत नाही. सोलर पॅनेल बसवलेल्यांनी प्रत्येक बोल्ट सुटा करून त्याखाली ब्युटाइल घालावी.

आणि विजेचं. लोखंडी खोलीत पाणी आणि वीज एकत्र आली तर अख्खं घर अंगावर येतं. बोर्डाच्या आसपास ओल दिसली तर आधी मेन बंद, कोरड्या पायांनी, मग बाकीचं. ट्रेलरच्या सांगाड्याला स्वतंत्र अर्थिंग आणि मेनपाशी ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे थोडी जरी वीज गळाली तरी लगेच तोडणारं स्विच, बसवून घ्या. हा खर्च पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

आमचा सगळा खर्च मुरूम, फरश्या, नाली, पाइप, सीलंट आणि एका दिवसाची मजुरी धरून ९ हजारांच्या आसपास झाला. आधीच्या तीन वर्षांत नुसत्या नळ्या आणि मजुरीवर साडेपाच हजार गेले होते, भिजलेलं प्लायवूड आणि कापड वेगळंच.

त्याच उन्हाळ्यात आम्ही ट्रेलरवर मांडवही घातला. तुऱ्हाट्यांचा, बांबूच्या आठ खांबांवर, छतापासून दोन फूट उंच. पत्रा दुपारी हाताला सोसेल इतका राहतो, त्यामुळे सीलंटवरचाही ताण कमी होतो आणि कूलर दोन तास उशिरा लावावा लागतो. एकच सांगणं, मांडवाचे दोर ट्रेलरला बांधू नका. हिरवी जाळी ट्रेलरच्या हुकांना बांधली होती तेव्हा एप्रिलच्या अवकाळीत वाऱ्याने जाळी फुगली आणि दोन हुक पत्र्यासकट उपटून गेले. मांडव आपल्या खांबांवर, ट्रेलर आपल्या चाकांवर.

ट्रेलर हलवणाऱ्यांसाठी थोडं. पांदण रस्त्यावरून आठ-दहा किलोमीटर गेलं तरी स्क्रू सैल होतात. बगीच्यात पोचल्यावर आम्ही चार फरश्या नेऊ शकत नाही, म्हणून सोबत जाड सागवानी फळ्या ठेवतो, दोन फूट लांबीच्या, एकीवर एक आडवी-उभी. जागा निवडताना बगीच्याच्या आळ्यांपासून आणि ठिबकच्या मेन लाइनपासून लांब उभं करतो, कारण तिथली माती बारमाही ओली. उभं केलं की सामान लावण्याआधी दोरे ताणायचे. पाच मिनिटांचं काम आहे. एकदा काटोलजवळ आम्ही रात्री पोचलो, कंटाळून तसंच झोपलो, आणि सकाळी खिडकीची काच कोपऱ्यात चिरलेली होती.

दोरे टेकतात, पाय घट्ट आहेत, तरी गळतं, असंही होतं. मग बहुधा वाऱ्याबरोबर येणारा तिरपा पाऊस खिडकीच्या खालच्या पट्टीत साचतो आणि आत उलटतो. त्या पट्टीला बाहेरच्या बाजूने पाणी जायला बारीक भोकं असतात, ती धुळीने बुजतात. काडीने मोकळी करा.

आमचा ईशान्य कोपरा पूर्ण शांत झालेला नाही. गेल्या वर्षी मघा नक्षत्रात झड लागली, चार दिवस उघडीप नव्हती, तेव्हा दोऱ्यांमध्ये पुन्हा दोन-तीन मिलिमीटरची फट दिसली. हे बाहेर जाऊन जॅक पाव फेरा फिरवून आले, फट मिटली, छत कोरडंच राहिलं. आता आम्ही वर्षातून तीनदा दोरे ताणतो, मृगाच्या आधी, पोळा झाल्यावर आणि संत्र्याच्या तोडीवरून परत आलो की. मोजलेली फट आणि तारीख मी मशीनच्या खणातल्या वहीत, गिऱ्हाइकांच्या मापांच्या मागच्या पानावर लिहून ठेवते.